दंडघेर साडेदहा

वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाचा उजवा भाग दादाच्या हातून वाकडा कापला गेला, त्या क्षणापासून माझ्या मनात संशयाने घर केले. कापड वाया जाणे ही शिंप्याच्या दुकानात अघटित गोष्ट नव्हे. परंतु दादाच्या हातून ते वाया जावे, ही मात्र आमच्या दुकानात अडतीस वर्षांत न घडलेली गोष्ट होती. दादा हा माझा थोरला भाऊ आणि दुकानाचा कटिंग मास्तर. खडूची रेघ तो ओढणार, कात्री तो चालवणार, आणि त्याने कापलेले तुकडे मी मशीनवर बसून जोडणार, अशी आमची कामाची वाटणी होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले आहे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयातील पुस्तकांतून आणि दादाच्या कात्रीच्या मागोमाग चालून. त्याने कापलेला तुकडा मी आजवर एकदाही मोजून पाहिला नव्हता. विश्वास म्हणजे काय असे मला कोणी विचारले असते, तर मी त्या न मोजलेल्या तुकड्यांकडे बोट दाखवले असते.

त्या सकाळी मी मशीनवरून मान वर केली, तो कात्री कापडात मध्येच थांबलेली. दादा आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहत होता. उशिरा आलेल्या नोकराकडे मालक पाहतो, तसा.

“काय झालं रे?” मी विचारले.

“काही नाही. कात्रीला धार नाही.”

“कालच लावून आणली की.”

“मग जास्त लावलीय. तू तुझं बघ, धाकट्या.”

असे म्हणून त्याने ते कापड घडी करून टेबलाखालच्या खणात सारले. रेघ सोडून कात्री चांगली दोन बोटे आत गेलेली मी पाहिली होती. कापड बिघडल्याचे मला तितके वाईट वाटले नाही. ते लपवल्याचे वाटले.

ह्यामागे एक कारण होते, ते वाचकांस सांगितले पाहिजे. आमचे वडीलही कटिंग मास्तर होते. ह्याच टेबलापाशी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, हातात कात्री असताना ते कोसळले. मेंदूकडे जाणारे रक्त अडले, असे डॉक्टरांनी सांगितले. वाचा गेली, उजवी बाजू गेली. त्यानंतर चार वर्षे ते टेबलाच्या टोकाशी स्टुलावर बसून आमची कात्री पाहत राहिले, आणि आपल्या मांडीवरचा मेलेला हात डाव्या हाताने उचलून कधी टेबलावर ठेवीत, कधी पुन्हा मांडीवर. पुढच्या महिन्यात दादाला एकसष्टावे लागणार होते. दादाचा उजवा हात म्हणजे आमचे दुकान. तो गेला तर माझे मशीन काय जोडणार?

तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागलो.

पहिली गोष्ट माझ्या ध्यानात आली ती ट्रायल रूमची. ट्रायल रूम म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यात प्लायवूडच्या फळ्या उभ्या करून केलेला आडोसा. आत एक आरसा, एक खुंटी आणि एक स्टूल. आजवर तिला पडदा असे. दोन महिन्यांपूर्वी दादाने पडदा काढून तिथे दार बसवले आणि दाराला आतून कडी लावली. विचारले तेव्हा म्हणाला, “बायका गिऱ्हाईक येतात, बरं दिसत नाही.” बायकांचे कपडे आम्ही शिवत नाही. हा विचार मला तेव्हाच सुचायला हवा होता.

रोज दुपारी दोन वाजता, दुकानात कोणी नसताना, दादा त्या खोलीत जाई आणि पावणेतीनला बाहेर येई. आतून कडी. मी मशीन थांबवून कान देऊ लागलो. आधी फुस्स, फुस्स, फुस्स असा आवाज. सायकलीत हवा भरावी तसा, पण हलका. मग शांतता. मग एक लांबलचक सुस्कारा. मग पुन्हा शांतता, आणि पुन्हा फुस्स, फुस्स. असे चार वेळा होई. बाहेर येताना त्याच्या कपाळावर घाम असे आणि शर्टाची उजवी बाही मनगटापर्यंत खाली ओढलेली असे.

मी प्रथम दारूचा संशय घेतला. टेप मागण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. चहाचा वास आला.

“हुंगतोस काय कुत्र्यासारखा?” दादा म्हणाला.

“टेप हवा होता.”

“टेप गळ्यात आहे माझ्या, तोंडात नाही.”

दुसरा संशय त्याहून वाईट होता. एके दिवशी हात धुताना त्याची बाही वर सरकली, आणि दंडावर मला बारीक लाल ठिपक्यांचा एक पट्टा दिसला. सुई टोचावी तसे ते ठिपके होते, शेकड्यांनी. सुया आमच्या दुकानात पुष्कळ. परंतु त्या दंडात टोचण्यासाठी नव्हेत. माणसे सुईवाटे काय काय अंगात घेतात ते मी वर्तमानपत्रात वाचले होते.

दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना दाराबाहेर गाठले.

“वहिनी, दादा घरी कसा असतो?”

“कसे असणार? माणसासारखे असतात. का?”

“झोप लागते? हात वगैरे दुखतो म्हणतो?”

वहिनींनी डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. “भावोजी, तुमच्या मशीनमध्ये दोऱ्याऐवजी संशय ओवला ना, तर गावभरचे कपडे शिवून होतील. गेल्या आठवड्यात मला विचारलंत, हे पत्ते खेळतात का.”

“तसं नाही...”

“ऐका.” त्यांचा आवाज उतरला. “घरात पण हे पूर्ण बाहीचा शर्ट घालतात हल्ली. झोपताना सुद्धा. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, खाज येते. काल जेवताना चमचा पडला दोनदा. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला काही बरं नाही वाटलं. मला तर वाटत होतं, तुम्ही दोघं भाऊ मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताय.”

“मी? मला कोण सांगतंय!”

“मग शोधा की. एरवी सगळीकडे नाक खुपसता.”

तिसरी गोष्ट मापांच्या वहीत सापडली. ह्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान असते: वर नाव, खाली छाती, कंबर, खांदा, बाही. शेवटच्या पानावर नाव नव्हते. दादाच्या अक्षरात फक्त ‘दंडघेर साडेदहा’ असे लिहिले होते, आणि त्याखाली आकडे: दोनशे, पाच, पाच, चार वेळा. पुढे वेगवेगळ्या दिवशीच्या वेगवेगळ्या शाईत दोनशेवीस, दोनशेचाळीस, दोनशेसाठ. दोनशे इंच असे कोणतेही अंग मनुष्याला नसते. शिवाय माप एकदा घेतले की ते असे दर आठवड्याला चढत नाही. जे चढते ते व्यसन, अशी माझी खात्री होत चालली.

आणि हे सर्व ज्याच्यापासून सुरू झाले, तो मनुष्यही मी मनोमन नक्की केला होता. आमच्याकडे दर बुधवारी एक गिऱ्हाईक येत असे. इस्पितळात रक्तदाब मोजण्याची यंत्रे दुरुस्त करण्याच्या कामावरून ते निवृत्त झाले होते. माप देताना समोरच्याचेच मनगट धरून नाडी पाहण्याची त्यांना खोड, म्हणून आम्ही त्यांना नाडीवाले म्हणत असू. हे नाडीवाले मध्यंतरी दोनदा आले ते कपडे न टाकताच. दादाशी कुजबुजले, आणि मी जवळ जाताच हवापाण्यावर बोलू लागले. त्या दिवसांत त्यांच्या पिशवीतून एक वस्तू दादाच्या खणात गेलेली मी पाहिली होती. गेल्या महिन्यापासून मात्र त्यांचे येणे बंद झाले होते. काम साधले की असे लोक पाय काढून घेतात, असे मी मनाशी म्हटले.

मग तो गुरुवार आला. दुपारी दादा कात्री उचलायला गेला आणि त्याचे मनगट वर उठेना. पंजा ओल्या फडक्यासारखा खाली लोंबला. त्याने डाव्या हाताने तो उचलला आणि टेबलावर ठेवला. अगदी वडिलांसारखा. मी पाहिले हे त्याने पाहिले. घड्याळात दोन वाजले, आणि तो माणूस, त्या तसल्या हातानिशी, ट्रायल रूममध्ये गेला व त्याने कडी लावली.

फुस्स, फुस्स, फुस्स.

मी माझे स्टूल आडोशाला लावले, त्यावर चढलो आणि फळीवरून आत डोकावलो. दादा शर्टाची एक बाही काढून बसला होता. उजव्या दंडाला खाकी कापडाचा तीन बोटे रुंद पट्टा घट्ट आवळलेला. पट्ट्यातून निघालेली रबरी नळी, नळीच्या टोकाला हवा भरण्याचा फुगा, आणि मांडीवर काट्याची तबकडी. खुंटीवर शर्टाऐवजी घड्याळ टांगलेले. त्यावर त्याची नजर खिळलेली. पट्ट्याखालचा हात आधी पांढरा दिसला, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत निळसर होत गेला.

“दादा!” मी वरून ओरडलो.

त्याने मान वर केली. “उतर खाली. मोडशील काहीतरी.”

“तू काय मोडतोयस ते आधी सांग!”

“तीन मिनिटं झालीत. पाच झाल्याशिवाय सोडता येत नाही.”

“हात निळा पडलाय तुझा!”

“पडायलाच हवा. त्यातच तर गुण आहे.”

हे ऐकून माझा तोल गेला. स्टूल एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला आणि प्लायवूडची फळी आमच्या मधोमध, अशा अवस्थेत आम्ही दोघे भाऊ समोरासमोर आलो. दादाने घड्याळाकडे एकदा शेवटचे पाहिले आणि फुग्याचा स्क्रू सोडला. तो लांबलचक सुस्कारा हवेचा होता, हे मला तेव्हा कळले.

“आता बोल,” मी जमिनीवरूनच म्हणालो.

त्याने पट्ट्याची गुंडाळी केली. मग म्हणाला, “तीन महिने झाले. तू बटणं आणायला गेला होतास. मी खडूने रेघ मारत होतो, आणि खडू पडला. उचलायला गेलो तर बोटं ऐकेनात. आरशात बघितलं, तर तोंड वाकडं. हाक मारावी म्हटलं, तर शब्दच येईना. दहा मिनिटं. मग सगळं सरळ झालं, जसं काही झालंच नव्हतं.”

“आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“कशाला? स्टुलावर बसवलं असतं तुम्ही मला. बाबांच्या.”

मी माझे पडलेले स्टूल उचलून सरळ उभे केले.

“नाडीवाल्यांकडे सहज विषय काढला,” तो पुढे म्हणाला. “माझं नाही सांगितलं, बाबांचं सांगितलं. म्हटलं, असं होऊ नये म्हणून काही असतं का? ते म्हणाले, एक पद्धत आहे, डॉक्टर लोक तिच्यावर अभ्यास करतायत. हाताचं रक्त पाच मिनिटं थांबवायचं, पाच मिनिटं सोडायचं, असं चार वेळा. शाळेत कवायत करून घेतात ना, तशी अंगाला कवायत होते. उद्या मेंदूचं नाहीतर हृदयाचं रक्त अडलं, तर त्यांना सोसायची सवय असते. दोनशेपर्यंत हवा भरायची. आपला जुना पट्टा दिला, कागदावर लिहूनही दिलं, तो खणात आहे. माझी नाडी दोनशेला थांबेना, म्हणून वाढवत गेलो.”

“आणि हा हात लुळा पडत चाललाय, तो?”

“कवायतीने आधी अंग दुखतंच.”

माझ्या डोक्यात नाडीवाल्यांविषयी जे वादळ उठले, त्याचे वर्णन मी करत नाही. पट्टा आणि खणातला कागद मी हिसकावून घेतला. कागदावर चार ओळी होत्या: पट्टा दंडाला बांधावा, दोनशेपर्यंत हवा भरावी, पाच मिनिटे ठेवून पाच मिनिटे सोडावी, असे चार वेळा करावे. एवढेच. एका मनुष्याचा हात जाण्यास चार ओळी पुरल्या होत्या.

नाडीवाल्यांचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते. पायऱ्या चढताना मी मनात दोन-तीन कडक वाक्ये जुळवून ठेवली होती. दार त्यांनीच उघडले. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी.

“या, या. जिन्यावरून पडलो हो, महिना झाला. म्हटलं मास्तरांकडचं कोणी विचारायलाही आलं नाही.”

कडक वाक्यांपैकी पहिले तिथेच निकामी झाले. मी पट्टा त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. “हे काय आहे?”

“तुमचाच पट्टा आहे. ओळखत नाही?”

“माझा? माझा पट्टा चांगला वीतभर रुंद होता! हा कुणी कापला?” त्यांनी शिवण बोटाने उसवली. आतल्या रबरी पिशवीची एक कड लांबीने दुमडून चिकटवलेली होती. “अरे देवा. अहो, पट्टा कापलात तुम्ही? हा पट्टा राहिला नाही, दोरी झाली दोरी! अरुंद पट्ट्याने रक्त लवकर थांबत नाही, नस मात्र चिरडते. कुठल्या हाताला बांधला?”

“उजव्या.”

“उजव्या?” कुबडी खाली पडली. “कामाचा हात सोडून डाव्याला बांधा, असं लिहून दिलं होतं मी! आधी डॉक्टरांना विचारा, हे तर सर्वांत वर. हाताला मुंग्या आल्या तर त्याच दिवशी बंद करा. सहा सूचना लिहिल्या होत्या!”

“कागदावर चारच ओळी आहेत,” मी म्हणालो आणि कागद पुढे केला. आता कसे बोलतो, हे मला पाहायचे होते.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “हा अर्धा आहे.”

“अर्धा कसा? कड बघा की, सरळ आहे. फाटलेला असता तर दिसलं असतं.”

“सरळ कड!” नाडीवाले संतापून म्हणाले. “शिंप्याच्या घरात कड सरळ नसणार तर काय चावलेली असणार?”

मला त्यांचे बोलणे पटले नाही. अंगाशी आले की मनुष्य सहा सूचना काय, सोळाही सांगेल. तरीही मी त्यांना म्हणालो की, चला, दादासमोर बोला. ते प्लास्टर घातलेल्या पायाने, एका हाताने माझा खांदा धरून, दोन गल्ल्या चालत आले. लबाड मनुष्य इतका चालेल काय, अशी शंका मला वाटेत प्रथमच आली.

दुकानात दादा टेबलाशी बसला होता. नाडीवाल्यांना पाहून तो उठला नाही.

“मास्तर, कागदाचा खालचा भाग कुठाय?” नाडीवाल्यांनी विचारले.

“कुठला खालचा भाग?”

“जिथे सूचना लिहिल्या होत्या.”

दादा गोंधळला. “सूचना असतील काहीतरी. वर काय करायचं ते वाचलं मी. सूचना कोण वाचतं?”

आणि त्याच वेळी माझी नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. त्या खिळ्याला आमचे सगळे कागदी पॅटर्न अडकवलेले असतात: कॉलरचे, खिशाचे, कफाचे. नवे काही शिवायचे तर दादा आधी कागद कापतो, मग कापड. हाताशी येईल तो कागद घेतो. मी ती चळत उतरवली. कॉलर, खिसा, खिसा, कफ, आणि मग तीन बोटे रुंद, हातभर लांब अशी दोन तुकडे चिकटवून केलेली एक पट्टी, जी कोणत्याही कपड्याची नव्हती. तिच्यावर दादाच्या अक्षरात ‘दंडघेर साडेदहा’. मी ती उलटली.

मागे नाडीवाल्यांचे अक्षर होते. पहिली सूचना मधोमध कापली गेली होती, तरी वाचता येत होती: डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. दुसरी: उजवा हात वापरू नये. तिसरी: पट्टा आहे तसाच ठेवावा, अरुंद करू नये. बाकीच्या सूचना कात्रीबरोबर केराच्या टोपलीत गेल्या असाव्यात.

मी ती मोठ्याने वाचली.

“तो पट्टा काखेत टोचत होता,” दादा म्हणाला. “कोपरापाशी वळत नव्हता. इतकं गबाळं फिटिंग मी कुणाला घालू दिलं नसतं. म्हटलं, घेतो जरा आत.”

“आणि उजवा हात का?” नाडीवाल्यांनी विचारले. त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

“माप आम्ही नेहमी उजव्या अंगाचंच घेतो.”

ह्यावर नाडीवाल्यांनी आपले डोके धरले. मग त्यांनी दादाचे मनगट हातात घेतले, आणि ह्या वेळी ते नाडी पाहत नव्हते. “चूक माझीही आहे,” ते म्हणाले. “तुम्ही बाबांचं म्हणून विचारलंत, आणि मी कागद देऊन मोकळा झालो. आधी डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं तुम्हाला, हात धरून.”

दादाचा उजवा हात त्यांच्या हातात होता तसाच पडून होता.

त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वहिनींना वाटेत सर्व सांगितले. दवाखान्याच्या दाराशी त्या म्हणाल्या, “तोंड वाकडं झालं तेव्हा मला सांगितलं असतंत, तर मीच सरळ केलं असतं.” आणि डोळ्यांना पदर लावला.

डॉक्टरीणबाईंनी दादाला मनगट वर करायला सांगितले. ते झाले नाही. अंगठा बाहेर न्यायला सांगितला. तोही गेला नाही. पट्टा पाहून त्या म्हणाल्या, “हाडावरून जाणारी नस ह्याने दाबली गेलीय. दंडावरचे हे लाल ठिपकेही ह्याचेच. बहुतेक परत येईल हात. आठवडे लागतील, कदाचित महिने. लेखी वचन देत नाही मी. पण तुमच्यावर मी रागावलेय ते ह्यासाठी नाही.”

“मग?” दादाने विचारले.

“दहा मिनिटं तोंड वाकडं झालं, बोलता येईना, आणि तुम्ही घरी बसलात? ती धोक्याची घंटा होती, मास्तर. दहा मिनिटांत थांबली म्हणून नशीब. पुन्हा तसं झालं तर कवायत करायची नाही, त्याच मिनिटाला इस्पितळात यायचं.” त्यांनी तपासण्या लिहून दिल्या, गोळ्या लिहून दिल्या. रक्तदाब दादाचा इतका निघाला की, वहिनींनी आकडा ऐकून खुर्ची धरली.

मी मात्र अजून थांबायला तयार नव्हतो. “ती हात बांधायची पद्धत खरी की खोटी?” मी विचारले.

“अभ्यास चालू आहेत. काही ठिकाणी आशा दिसली, काही ठिकाणी काहीच दिसलं नाही. मी तिला थोतांड म्हणणार नाही आणि औषधही म्हणणार नाही. ज्याला करून बघायची, त्याने आधी डॉक्टरसमोर बसायचं.”

“म्हणजे खरी?”

“म्हणजे जे सांगितलं तेच.”

“पण समजा...”

“भावोजी,” वहिनी म्हणाल्या, “डॉक्टरीणबाईंचा तरी वास घेऊ नका.”

दादाच्या मनगटाला टेकू बांधला गेला. डाव्या हातात खडू धरून तो रेघ ओढू लागला, आणि कात्री मी चालवू लागलो. माझ्या कापण्यावर तो जे बोले, ते येथे लिहिण्याजोगे नाही. वकीलसाहेबांना कोटाचे खरे कारण सांगावे लागले. ते सर्व ऐकून म्हणाले, “लोकांना पुढची तारीख मी मिळवून देतो. आज मलाच मिळाली.” आणि नव्या कापडाचे माप द्यायला उभे राहिले. ट्रायल रूमची कडी दादाने स्वतः, डाव्या हाताने, पेचकस लावून काढली. दोन दिवसांनी दारही उतरले आणि पडदा परत आला.

तरीही माझा संशय गेला नाही, हे मी कबूल केले पाहिजे. दुपारी दोन वाजले की मशीन आपोआप थांबे आणि मी कान देई. दादाच्या खिशातल्या गोळ्या मी पाहून ठेवी. तो आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहिला, तर मी त्याला उगाच काहीतरी विचारी, त्याचे शब्द नीट येतात की नाही हे ऐकण्यासाठी.

“दादा, आज वार कुठला?”

“तू पाडलेली फळी आठवते ना? त्याच्यानंतरचा दहावा सोमवार.”

त्या दहाव्या सोमवारी दादाने टेकू काढला, आणि वहिनी, मी व नाडीवाले पाहत असताना, एका साध्या पांढऱ्या शर्टाचे कापड टेबलावर पसरले. उजव्या हाताने कात्री उचलली. मनगट हळूच वर आले. थरथरले, पण राहिले. कात्री रेघेवरून गेली. खांद्याच्या वळणावर ती थांबली, तेव्हा आम्ही तिघेही थांबलो. मग ती वळली. नाडीवाल्यांनी नाक शिंकरले.

सगळे पांगल्यावर मी तो तुकडा माझ्याकडे ओढला आणि टेबलाला पाठ करून टेपने मोजला. खांद्यापाशी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी होता. आता हे त्या आजाराने झाले, की अडतीस वर्षे तसेच होते आणि मी मोजलेच नव्हते, हे मला कधीच कळणार नाही.

“मोजतोस काय रे?” दादा मागून म्हणाला.

मी टेप लपवला नाही. “हो.”

“किती?”

“एक सूत कमी.”

त्याने जवळ येऊन स्वतः मोजले, आणि ओठ दाबून मान हलवली. मग माझ्या समोरच्या स्टुलावर बसला. ते वडिलांचे स्टूल होते. इतक्या वर्षांत तो त्यावर कधी बसला नव्हता. त्याने आपली डावी बाही वर केली आणि हात पुढे केला. नाडीवाल्यांनी आणलेला, कोणी न कापलेला, रुंद पट्टा मी त्याच्या दंडाला बांधला आणि डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे रक्तदाब तेवढा मोजला. हवा भरली आणि लगेच सोडली. आकडा मी मापांच्या वहीत, त्याच शेवटच्या पानावर लिहिला. पानावर आता वर त्याचे नावही होते.

मग त्याने उजवा हात पुढे केला. काम नसल्यामुळे तो दंड उतरला होता, आणि तो भरतो की नाही हे आम्ही दर सोमवारी पाहत होतो. मी टेप गुंडाळला.

“किती?” त्याने विचारले.

“सव्वादहा.”

“साडेदहा लिही की. पाव इंचाने काय होतं?”

मी वहीत सव्वादहा लिहिले, आणि ते त्याला दिसावे म्हणून वही त्याच्याकडे फिरवली.